कुंदाताईंची करंगळी

कुंदाताईंच्या कॉम्प्युटरवर बसणारा माणूस दुसऱ्या-तिसऱ्या अक्षरालाच हात टेकायचा. साधं 'चहा' लिहायला जावं तर पडद्यावर भलतंच उमटायचं. ताई मागून म्हणायच्या, "अरे, ऊठ. तो माझ्याशिवाय कुणाचं ऐकत नाही."

खोपटला बाळाशेठच्या छापखान्यात त्या लग्नपत्रिका टाइप करायच्या आणि मी मुद्रितं तपासायचो. ताई राहायला डोंबिवलीत, साठीला आलेल्या, एकट्या आणि चांगल्याच तापट. पत्रिका म्हणजे दर ओळीला 'चि.', 'यांचे' आणि 'यांची'. आमच्या कीबोर्डवर य आणि च दोन्ही उजव्या करंगळीला. वर्षानुवर्षं तेच ठोकून ताईंची करंगळी आखडली. डॉक्टरांनी टायपिंग सोडा म्हणून सांगितलं. "सोडून करू काय? घरी बसून भिंतींशी बोलू?" असं त्यांनी डॉक्टरांनाच विचारलं.

मग त्यांनी एक छोटंसं सॉफ्टवेअर मिळवून कीबोर्डवरची अक्षरंच हलवली. य आणि च मधल्या बोटांखाली आणले, ढ आणि ङ करंगळीकडे धाडले. "जो जास्त राबतो त्याला जवळची जागा. ढ कधीतरी येणार, त्याला बसू दे लांब," हा त्यांचा न्याय. डोक्याला पटलं, पण बोटांना पटेना. जुनी सवय सुटत होती आणि नवी लागत नव्हती. एका मुद्रितात 'चि.'च्या जागी 'ढि.' आलं, मी धरलं म्हणून नवरदेव वाचला. "शीळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेय रे," त्या म्हणाल्या. "पुढे सरकत नाही आणि मागे वळताही येत नाही."

बाळाशेठ मूळचे माजिवड्याचे, मनाने चांगले, पण काम तुंबलं की तोंड सुटायचं. "ताई, तुलशीचं लगीन होईपर्यंत बगतो," ते म्हणाले. "मंग दुसरी पोरगी बसवीन. गिऱ्हाइक थांबाचं नाय." ताई दुपारचा डबा उरकला की जुन्या पत्रिका पुढे घेऊन सराव करायच्या. करंगळी मध्येच धावली तर तिलाच दटावायच्या, "तू नाही गं, तुला सुट्टी दिलीय."

तुळशीचं लग्न लागलं आणि बाळाशेठच्या पुतणीचीच पत्रिका आली. निमंत्रकांत काका, मामा, आत्या आणि त्यांची पोरंबाळं धरून अख्खं गाव. ताईंनी ती चहा यायच्या आत संपवली. मला एकही चूक सापडली नाही. शेठ मागे उभे राहून बघत होते. "ताई, यो कीबोर्ड तुमचाच," ते म्हणाले. "कोनी हात लावाचा नाय." मला इतका आनंद झाला की काय सांगू. ताईंनी मात्र चहा पाणचट असल्याची तक्रार केली.

पुढची काही वर्षं त्यांनी त्याच कीबोर्डवर काढली. मग नजर अधू झाली आणि कल्याणला भाचीकडे राहायला जायचं ठरलं. शेवटच्या दिवशी त्यांनी सगळी अक्षरं मूळ जागी नेऊन ठेवली. मी म्हटलं, "असू द्या की ताई, तुमची आठवण."

"कशाला? बोट माझं दुखत होतं. येणाऱ्या मुलीला का त्रास?"

मग शेठना द्यायची निरोपाची चिठ्ठी टाइप करायला बसल्या. पहिल्याच शब्दाला बोटं अडखळली. खोडून पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच. त्यांनी हात मांडीवर घेतले. मला बघवेना. मी त्यांची मांडणी परत लावायला पुढे झालो, तर त्यांनी मानेनेच नको म्हटलं आणि खुर्ची मला दिली.

मी दोन बोटांनी टाइप करणारा. एरवी माझा वेग पाहून त्यांचा जीव वरखाली व्हायचा. त्या दिवशी त्या शेजारी स्टूल ओढून बसल्या.

"मी सांगते ते लिही," त्या म्हणाल्या. "आणि सावकाश लिही. आज मला घाई नाही."