भूल देणारे डॉक्टर बाहेरचे होते

टेलरकाकूंना अख्खी गल्ली टेलरकाकूच म्हणायची. नवरासुद्धा थट्टेनं तशीच हाक मारायचा. पुढच्या खोलीत खिडकीशी शिलाई मशीन, मागे स्वयंपाकघर. शाळेच्या गणवेशापासून कोटापर्यंत त्या काहीही शिवून द्यायच्या आणि गिऱ्हाइकाला चार गोष्टी सुनावूनच पाठवायच्या.

पित्ताशयातल्या खड्यांचं त्यांचं ऑपरेशन व्यवस्थित झालं. शुद्धीवर आल्या तेव्हा उजव्या हाताच्या दोन बोटांना मुंग्या आल्या होत्या.

"भुलीचा अंमल आहे, उतरेल," नर्स म्हणाली.

मुंग्या गेल्या, पण बोटांतली जाणीवही गेली. घरी कात्री धरली, तर सुटून फरशीवर पडली. दुसऱ्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की ऑपरेशनभर हात चुकीचा ठेवल्यानं कोपराशी नस दबली. त्यावर लक्ष ठेवणं भूल देणाऱ्याचं काम.

शेजारीच राहणारी नणंद त्यांना घेऊन तडक हॉस्पिटलात गेली. व्यवस्थापकांनी चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं आणि हात वर केले.

"ते डॉक्टर आमचे नाहीत हो. गरज पडेल तसे बाहेरून येतात. तुम्ही त्यांच्याशीच बोला."

"त्यांना बोलावलं कोणी? आमच्या वहिनीनं?" नणंद कडाडली.

"तसं नाही, पण..."

"ऊठ वहिनी. चहा राहू दे यांचा यांना."

कोर्ट म्हटलं की काकू विषयच बदलायच्या. शेवटी नणंदेनं गाठून दिलेल्या वकीलबाईंनी त्यांना शांतपणे समजावलं, "नोकराच्या चुकीला मालक जबाबदार, हे तर आहेच. पण डॉक्टर तुम्ही निवडलाच नाही, हॉस्पिटलनं आणून उभा केला. मग तो पगारी की बाहेरचा, हा त्यांचा आपसातला प्रश्न." दावा हॉस्पिटल आणि डॉक्टर, दोघांवर लावला.

साक्षीच्या दिवशी हॉस्पिटलच्या वकिलांनी विचारलं, "भुलीचे डॉक्टर हॉस्पिटलचे आहेत, असं कोणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"नाही."

"मग तुम्ही विचारलंत?"

काकू गडबडल्या. "नाही विचारलं. विचारायचं असतं हेच ठाऊक नव्हतं. मी हॉस्पिटलात आले होते, तेवढंच."

बाहेर येताच त्या नणंदेला म्हणाल्या, "माती खाल्ली गं मी."

भूल देणारे डॉक्टर तिथंच भिंतीला टेकून उभे होते. तरुण होते, डोळे तारवटलेले. जवळ येऊन त्यांनी हळूच विचारलं, "आता हात कसा आहे?"

नणंदेनं तोंड उघडलंच होतं, पण काकूंनी तिला थांबवलं आणि हात पुढे केला. डॉक्टरांनी एकेक बोट दाबून पाहिलं. "माझं लक्ष हवं होतं," एवढंच म्हणाले.

निकालाला बराच काळ गेला. रुग्ण हॉस्पिटलवर विसंबून येतो. स्वतःच आणलेल्या डॉक्टरला बाहेरचा म्हणून हॉस्पिटलला जबाबदारी झटकता येणार नाही, असं न्यायाधीशांनी स्पष्ट लिहिलं. भरपाई दोघांनी मिळून द्यायची होती. नणंदेनं गल्लीभर बातमी केली. काकू मात्र त्या दुपारी गाढ झोपल्या; किती दिवसांनी, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

बोटांत थोडी ताकद आली, पूर्वीची नाही. आता त्या शिवणाचा वर्ग घेतात. मुली कापड कापतात, काकू खुर्चीत बसून ओरडतात, "अगं, रेघेवरून! तुझ्या मनावरून नको!" मुली हसतात आणि तरीही वाकडंच कापतात.