सोफ्यांसमोरचा बचावपटू

मॉलमध्ये अत्तराच्या दुकानातला ऊदाचा धूर नाकात गेला की आखातातल्या अजमानमधलं ते मैदान आठवतं. मी तिथल्या फुटबॉल क्लबच्या ऑफिसात कामाला होतो. सामन्याला मालकांसाठी मखमली सोफे मांडून ऊद जाळला जाई. आमचा स्लोवाक बचावपटू उत्तम होता, पण मालक विचारायचे, "हबीबी, याचे गोल किती?" शेवटच्या सामन्याआधी मॅनेजरने त्याला बजावलं, "आज गोल नाही, तर करार खलास." गावी त्याच्या बायकोला दिवस गेले होते. "मी गोल अडवतो, ते कुणालाच दिसत नाही का?" त्याने मला विचारलं. मी "यल्ला, चल" म्हणून त्याची पाठ थोपटली. बरोबरी असताना तो जागा सोडून पुढे धावला. त्याचा हेडर गोलच्या बारवर आपटला आणि त्याच्याच रिकाम्या जागेतून आमच्यावर गोल झाला. त्याने सोफ्यांकडे पाहिलं. मालक केव्हाच जेवायला उठले होते, ऊद तेवढा जळत होता. लोक त्याला सुगंध म्हणतात; मी अजून त्या दुकानापुढून भरभर निघून जातो.