अण्णांची सायकल आणि साठचा रेट

अण्णांचा रिपोर्ट तिसऱ्यांदाही नॉर्मल आला, आणि तिसऱ्यांदाही ते म्हणाले, "ताई, सायकलवर दम लागतो."

अण्णा निफाडकडचे. वय बहात्तर, थोडी द्राक्षबाग. हृदय अशक्त, पायांवर सूज, त्यात एट्रियल फिब्रिलेशन. म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे नुसते थरथरतात, ठोक्यांना ताल राहत नाही. अण्णांचे ठोके तर फारच मंद पडायचे, म्हणून पेसमेकर बसवलेला. नाशिकच्या ज्या हॉस्पिटलात मी पेसमेकर तपासायचं काम करते, तिथेच.

मशीनचा बेस रेट साठ होता. म्हणजे मिनिटाला साठच्या खाली ठोके जाऊ द्यायचे नाहीत. माणूस हालचाल करू लागला की आतला सेन्सर रेट वाढवतो. मी त्यांना कॉरिडॉरमध्ये चालवलं. रेट पंच्याण्णववर गेला. सगळं छान.

त्यांच्या पत्नी, वत्सलाकाकू, सोबत आल्या होत्या. त्यांनी सांगितलं की मागच्या आठवड्यात अण्णा सायकलवरून उतरून कॅनॉलजवळ अर्धा तास बसून राहिले. मुलगा आता सायकल भंगारात द्यायची म्हणतोय. चाळीस वर्षं काकू त्याच सायकलच्या कॅरिअरवर बसून बाजाराला गेल्या होत्या.

मी आमच्या हृदयाच्या डॉक्टरांकडे, सरांकडे गेले आणि बेस रेट सरळ पंच्याऐंशी करू या का, असं विचारलं.

"आणि ते घरात नुसते बसलेले असतील तेव्हा?" सर म्हणाले. "अशक्त हृदयाला दिवसभर कशाला पळवायचं? आधी कारण शोध."

मी परत येऊन मशीनमधली नोंद काढली. दिवसभरात रेट वरखाली होत होता. फक्त सकाळी आठ ते नऊ सरळ रेघ, साठ. त्या वेळी काय करता, असं विचारलं.

"बागेत जातो ना. सायकलवर."

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सेन्सरला छातीची हालचाल कळते. चालताना छाती हलते. सायकलवर पाय फिरतात, छाती स्थिर. मशीनच्या मते अण्णा खुर्चीत बसलेले होते.

सरांना विचारून अण्णांना फिजिओथेरपीतल्या सायकलवर बसवलं. अण्णांनी तिच्याकडे जरा तुच्छतेनेच पाहिलं. "ही तर कुठंच जात नाय."

पाच मिनिटांत त्यांना धाप लागली. स्क्रीनवर साठच.

सर स्वतः आले. बेस रेट सत्तर केला, सेन्सर जास्त संवेदनशील केला, खड्ड्यांच्या हादऱ्यांनी रेट उगाच वाढू नये म्हणून वरची मर्यादा शंभरवर आणली. थोड्या विश्रांतीनंतर पुन्हा पेडल मारायला लावलं. अठ्ठ्याऐंशी. अण्णा आता उतरायला तयार नव्हते.

महिन्याने दोघं आले. पायांची सूज कमी होती. सायकल घरातच होती, अण्णा रोज तिच्यावरून बागेत जात होते. मी काकूंना विचारलं, बसता का मागे?

"नाय. त्यांच्या काळजाला माझा भार कशाला," काकू म्हणाल्या. "बाजारातनं येताना पिशव्या सायकलवर, आन् आमी दोघं पायी."

अण्णा खिडकीबाहेर बघत हसत होते.

आमच्या फॉर्मवर वय, वजन, औषधं असे रकाने आहेत. मी आता पेनाने एक जादा ओळ लिहिते: पेशंट कशाने फिरतो.