दोन लाल वायरी

कोलकात्यातल्या न्यू टाउनच्या ज्या कंपनीत मी नोकरी करतो तिथे माझ्या टेबलावर कॉम्प्युटर आहे. एवढ्यावरून आमच्या घरी मला कॉम्प्युटरमधलं सगळं कळतं असं धरून चालतात, आणि मी तो गैरसमज कधी दूर केला नाही. खरं तर गेली कित्येक वर्षं मी एक्सेलचे रकाने भरतो, मीटिंगा घेतो आणि दुसऱ्यांनी केलेल्या कामाला छान म्हणतो. त्यामुळे मुलगी टीव्हीवर येणार असं कळल्यावर बायकोने विचारलं, "तू रेकॉर्ड करशील ना?", तेव्हा "त्यात काय!" हे सवयीने तोंडातून गेलं.

कार्यक्रम बंगाली कविता म्हणण्याच्या स्पर्धेचा होता. इथे त्याला आवृत्ती म्हणतात आणि गाण्याइतक्याच गांभीर्याने शिकवतात. मुलगी चौदा वर्षांची. पाच वर्षांची होती तेव्हा आम्ही पुण्याहून कोलकात्याला आलो. तिचं बंगाली इतकं चोख आहे की नवीन माणसाला ती इथलीच वाटते. मराठी मात्र लंगडं. म्हणून मी नियम केला होता: दाराच्या आत फक्त मराठी. तिने तो निमूटपणे पाळला. दर शनिवारी बागबाजारला, आवृत्ती शिकवणाऱ्या दीदींच्या क्लासला जायची, सराव गच्चीत करायची आणि जिना उतरून घरात आली की मराठी. या कडक शिस्तीचा परिणाम असा झाला की इतक्या वर्षांत मी तिची एकही कविता धड ऐकली नव्हती.

एकदा ऐकली, म्हणजे ऐकायला बसलो होतो. सोसायटीच्या दुर्गापूजेत तिने मंडपातल्या स्टेजवर कविता म्हटली. मला बंगालीतलं काही कळेना, म्हणून मी मागच्या खुर्चीत मोबाइल बघत बसलो. संपल्यावर शेजारच्या काकू डोळे पुसत माझ्यापाशी आल्या आणि काहीतरी बोलल्या. मी थँक यू म्हटलं. घरी येताना मुलीने विचारलं, "बाबा, कसं झालं?"

"मस्त! आवाज अगदी खणखणीत."

ती थोडं चालली आणि म्हणाली, "ती हळू म्हणायची कविता होती, बाबा."

ते मला लागलं होतं. म्हणून या खेपेला मी मनाशी ठरवलं की हा कार्यक्रम आपल्याजवळ ठेवायचा आणि दहा वेळा, वीस वेळा, समजेपर्यंत ऐकायचा. चॅनलच्या अ‍ॅपवर येईलही आणि नाहीही, असं दीदी म्हणाल्या होत्या. माझ्या मुलीची कविता मी 'येईलही'वर सोडणार नव्हतो. आणि घ्यायचीच तर एचडीमध्ये.

एका सुट्टीच्या दिवशी मेट्रोने एस्प्लनेडला गेलो. तिथल्या गल्लीतल्या दुकानदाराला म्हटलं, टीव्हीचं चित्र कॉम्प्युटरमध्ये घ्यायचंय. त्याने विचारलं, "दादा, सेट टॉप बॉक्स के पीछे क्या क्या है?" मागे काय आहे हे मी कधी वाकून पाहिलंच नव्हतं. "सगळं आहे," असं हिंदीत ठोकून दिलं. त्याने काडेपेटीपेक्षा थोडी मोठी एक डबी दिली. कॅप्चर कार्ड. एकीकडे बॉक्सची वायर खुपसायची, दुसरीकडे कॉम्प्युटरची, की झालं.

घरी येऊन खुपसली. कॉम्प्युटरवर काळा चौकोन आला. वायर बदलली, काळा चौकोन. डबी उलटी करून पाहिली, कॉम्प्युटर बंद करून चालू केला, तेच. तीच वायर परत टीव्हीला लावली की बातम्यांचे, क्रिकेटचे, स्वयंपाकाचे चॅनल मात्र झकास दिसत होते. मी वैतागून बायकोवर ओरडलो की वायरीवरून कोण चालतं सारखं? ती म्हणाली, "वायर आत्ता दहा मिनिटांपूर्वी पिशवीतून निघालीय." मुलगी दारात उभी राहून बघत होती. "राहू दे ना बाबा," म्हणाली. मी म्हटलं, "राहू दे कसं? तुझा कार्यक्रम आहे."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात एका सहकाऱ्याला विचारलं. तो वयाने माझ्या निम्मा आणि या बाबतीत माझ्या दुप्पट. त्याने सांगितलं की त्या वायरीतून जाणाऱ्या चित्राला कुलूप असतं, टीव्हीपाशी किल्ली असते, तुमच्या डबीपाशी नाही. बॉक्स जुना असेल तर मागे रंगीत भोकं असतील. त्यातून जाणाऱ्या चित्राला सहसा कुलूप नसतं आणि एचडी तिथूनही मिळतं. घरी येऊन मी पहिल्यांदाच बॉक्सच्या मागे वाकलो. भोकं होती. हिरवं, निळं, लाल, आणि त्याशेजारी पांढरं आणि पुन्हा लाल.

आता दोन लाल कशाला? पुन्हा एस्प्लनेड. दुकानदाराने डबी बदलून वेगळी दिली, पाच वायरींचा जुडगा दिला आणि समजावून सांगितलं की हिरवी-निळी-लाल चित्राच्या, पांढरी आणि दुसरी लाल आवाजाच्या. दुकानात अगदी नीट समजलं. मेट्रोतही समजलेलं होतं. घरी जमिनीवर पालथं पडून बॉक्सच्या मागे बॅटरी धरली तेव्हा हातात दोन लाल वायरी होत्या आणि कोणती चित्राची, कोणती आवाजाची, काही केल्या सांगता येईना. एक लावली की सगळी माणसं हिरवीगार दिसायची. मग दुसरी लावली. माणसं माणसांच्या रंगात आली. मी इतका खूश झालो की उरलेल्या दोन कुठेतरी दाबून बसवल्या आणि उठलो.

रेकॉर्डिंगच्या प्रोग्रॅममध्ये तर नुसती जत्रा होती. फ्रेम, बिटरेट, कोडेक, इनपुट, डिव्हाइस. मी प्रत्येक ठिकाणी सगळ्यात वरचा पर्याय निवडला, कारण वरचा तो चांगला असणार. पाच मिनिटं बातम्या रेकॉर्ड करून पाहिल्या. चित्र स्वच्छ, आवाज जरा विहिरीतून आल्यासारखा, पण आला. बायकोने विचारलं, "झालं?" मी म्हटलं, "झालं म्हणजे काय, स्टुडिओ झालाय."

शूटिंग आधीच झालेला कार्यक्रम रविवारी दुपारी चार वाजता दाखवणार होते. आम्ही तिघं साडेतीनपासून बसलो. त्या दोघी सोफ्यावर, मी कॉम्प्युटरसमोर, टीव्हीकडे पाठ करून. लाल ठिपका लागला. स्क्रीनच्या कोपऱ्यात आवाजाची एक हिरवी पट्टी खालीवर होत होती. मी तिच्यावरून नजर हटवली नाही. फाइल किती फुगतेय, डिस्कवर जागा किती उरली, हेही बघत होतो. माझी मुलगी कधी स्टेजवर आली, तिने कोणते कपडे घातले होते, हे मला नंतर कळलं. बायको रडली तेव्हा मी म्हटलं, "जरा हळू, मला कळू दे." कार्यक्रम संपला, फाइल सेव्ह झाली, आणि मी लढाई जिंकल्यासारखा उठून उभा राहिलो. मुलगी तोपर्यंत आतल्या खोलीत गेली होती. तिचा नंबर तिसरा आला होता.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून लवकर आलो. घरी कुणी नव्हतं. हेडफोन लावून बसलो, समजेपर्यंत ऐकायला.

चित्र अप्रतिम होतं. तिच्या कानातला मोती दिसत होता. तिने तोंड उघडलं आणि मला माझाच आवाज आला: "हां, ठिपका अजून आहे, आहे." तिचे शब्द मागे कुठेतरी लांबून येत होते. मी गोंधळलो. हेडफोन काढून पाहिले, पुन्हा लावले. मग लक्षात आलं. आवाजाची वायर भलत्याच भोकात होती आणि आवाजाच्या यादीतला सगळ्यात वरचा पर्याय म्हणजे ऑफिसच्या मीटिंगांसाठी कॉम्प्युटरवर चिकटवलेला कॅमेरा होता. त्याच्या माईकने टीव्ही नव्हे, आमची खोली रेकॉर्ड केली होती. आधी रेकॉर्ड करून पाहिलेल्या बातम्याही त्यानेच ऐकल्या होत्या.

बंद करणार होतो, तेवढ्यात आणखी एक आवाज आला. अगदी जवळून. मुलीचा, पण स्टेजवरच्या नव्हे, सोफ्यावरच्या मुलीचा.

"बाबा, हा नावाडी आहे. म्हणजे नाव चालवतो तो. आता तिकडे पूल झाला ना, तर त्याच्याकडे कोणी येत नाही."

"हं," मी म्हणत होतो.

"तरी रोज सकाळी तो आपला नाव धुतो. आपली नाव. लोक हसतात त्याला."

"हो हो. जागा बघ किती खातंय हे."

ती माझ्यामागे येऊन उभी राहिली असणार, कारण आवाज आणखी जवळ आला. मोडकं मराठी, एकेक शब्द शोधून आणलेला. शब्द सापडेना की थांबायची आणि तोवर टीव्हीवरची ती पुढे जायची. हे तिने आधी ठरवून, घोकून ठेवलं असणार, इतकं मला कळलं.

"आता बघा बाबा, हे सगळ्यात चांगलं आहे. आता तो नावेला म्हणतो..."

"शू! गप्प बस जरा. पट्टी उडतेय बघ, काहीतरी बिघडतंय."

तिच्या बोलण्यानेच पट्टी उडत होती. त्यानंतर सोफ्यावरच्या मुलीचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये कुठेच नाही. नावाडी नावेला काय म्हणतो ते टीव्हीवरच्या मुलीने अगदी हळू म्हटलं, आणि त्यावर मी डिस्कमध्ये किती जागा उरली ते मोठ्याने वाचून दाखवत होतो. तो तुकडा मी पुन्हा पुन्हा मागे नेऊन ऐकला. दर वेळी मीच ऐकू आलो. मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

ती शाळेतून आली, तिने दप्तर ठेवलं, हातपाय धुतले. मी तिला खायला दिलं आणि समोर बसलो. काय बोलायचं ते दुपारपासून जुळवत होतो, पण तोंडातून एवढंच आलं, "अगं, तो नावाडी नावेला काय म्हणतो?"

तिने माझ्याकडे पाहिलं. रागावलेली नव्हती. उलट मला मदत करायची म्हणून तिने फोन काढला आणि माझ्यापुढे धरला.

"अ‍ॅपवर आलंय बाबा सकाळी. खाली इंग्रजीत येतं सगळं. तुम्हाला ते बरं पडेल."