सहाव्या मजल्यावरची चार बोटं

लिफ्टचे कंट्रोलर बनवणाऱ्या त्या छोट्या कंपनीत त्यांना सगळे घड्याळबाई म्हणायचे, आणि त्यांनाही ते मनातून आवडायचं. काम होतंच तसं. लिफ्टच्या पेटीत प्रोसेसर एकच, आणि त्याच्या मागे कामांचा लकडा: ब्रेक लाव, दार उघड, मजल्याचा आकडा दाखव. आधी कोणी करायचं आणि कोणी थांबायचं, हे बाई ठरवून द्यायच्या. सगळ्यांत मोठा मान ब्रेकचा. तो आला की बाकीच्यांनी हातातलं टाकून बाजूला व्हायचं. मिलिसेकंद वाया गेला तरी बाईंचा जीव वरखाली व्हायचा. स्वतः मात्र कामावर रोज पाऊण तास उशिरा, कारण जिन्यात जो भेटेल त्याच्याशी गप्पा.

बोलायची हौसच दांडगी. लिफ्ट बोलकी करायचं ठरलं तेव्हा आवाजही त्यांनीच दिला. कागदावर साहेबांनी नुसतं 'सहावा मजला' लिहिलं होतं. बाईंनी पदरचं घातलं: "सहावा मजला. हा शेवटचा मजला आहे. यापुढे लिफ्ट जात नाही. आपलं सामान विसरू नका."

"यापुढे जात नाही हे लोकांना दिसतं हो," साहेब म्हणाले.

"दिसू दे की. सांगितलेलं बरं."

चार महिन्यांनी एका इमारतीतून तक्रार आली. दहा-पंधरा दिवसांतून एकदा लिफ्ट सहाव्या मजल्यावर चार बोटं वर थांबत होती. एक आजोबा बाहेर पडताना अडखळले, दाराला धरलं म्हणून वाचले. तेव्हापासून ते घराबाहेरच पडले नव्हते.

बाईंनी कामांच्या वेळांचा आपला तक्ता उघडला, बेरीज केली, पुन्हा केली. "सगळी कामं मिळून प्रोसेसरचा साठ टक्के वेळ जातो. उरलेला वेळ तो माश्या मारतो. ब्रेकला उशीर होणं शक्य नाही. दोर बघा."

मेकॅनिकने दोर बघितला, ब्रेक खोलून बघितला आणि परत आला. "बाई, दोर ठणठणीत आहे. आता तुम्हीच बघा."

मग बाई लॅपटॉप आणि घडीचं स्टूल घेऊन त्या लिफ्टमध्येच जाऊन बसल्या. पहिला दिवस वरखाली करण्यात गेला. दुसऱ्या दिवशी सहाव्या मजल्यावर राहणाऱ्या, शिवणकाम करणाऱ्या एक मावशी कपड्यांचं गाठोडं घेऊन आत आल्या.

"लिफ्ट चुकते ते बघायला आलीस ना? मी सांगते. ती आतली बाई तोंड उघडते आणि त्याच क्षणी वरचा आकडा बदलतो, तेव्हाच चुकते. फार बोलते मेली."

बाईंनी घसा खाकरला. "ती मीच आहे, मावशी."

मावशींनी त्यांना नखशिखांत न्याहाळलं. "आवाजावरून लहान वाटलीस," एवढंच म्हणून त्या उतरल्या.

बाई पाचेक मिनिटं फुगून बसल्या. मग त्यांनी लिफ्ट चुकली त्या दिवसांची प्रत्येक कामाची नोंद आकड्याच्या आणि आवाजाच्या वेळेशी लावून पाहिली, आणि त्यांची कानशिलं तापली. लिफ्ट कुठे आहे याची प्रोसेसरच्या आत जणू एकच नोंदवही होती, एका वेळी एकानेच वापरायची. सगळ्यांत कमी मानाचं काम आकड्याचं. ते वही घेऊन बसलं असतानाच मधल्या मानाचा आवाज आला आणि त्याने आकड्याला बाजूला सारलं. वही आकड्याच्याच हातात. ब्रेकला वही हवी, म्हणून सगळ्यांत मानाचा ब्रेक ताटकळत उभा, आणि बाईंचं सामानाबद्दलचं आर्जव चालूच. बाकी मजल्यांवरचं बोलणं इतकं आखूड की उशीर कुणाला कळायचाच नाही.

साहेबांना त्यांनी सगळं सांगितलं, स्वतःला न वाचवता.

"मग ती बडबड काढून टाकू," साहेब म्हणाले.

"काढा. पण तेवढ्याने भागणार नाही. उद्या दुसरं कुठलं काम असंच मध्ये येईल. वही ज्याच्या हातात असेल, त्याला ती परत ठेवेपर्यंत ब्रेकचाच मान द्यायचा. मग त्याला कुणी बाजूला सारणार नाही."

दोन दिवसांत बदल झाला. आधी कंपनीतल्या चाचणीच्या लिफ्टवर बाईंनी मुद्दाम तोच क्षण हजारदा जुळवून आणला. ब्रेक एकदाही चुकला नाही. मग सगळ्या इमारतींमध्ये तो बदल बसवला. अहवालात 'चूक कोणाची' या रकान्यात बाईंनी स्वतःचं नाव लिहिलं. घरी नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो पेपरमागून म्हणाला, "तुझ्या बोलण्यापुढे मीही थांबतो. ब्रेकची काय कथा." त्या दिवशी त्याला चहा स्वतःच करून घ्यावा लागला.

पुढच्या आठवड्यात बाई त्या आजोबांच्या दारात गेल्या. "चूक माझी होती. आता दुरुस्त केली आहे. माझ्याबरोबर एक फेरी माराल का?"

आजोबांनी बराच वेळ चपला शोधल्या. दोघं खाली गेले, पुन्हा वर आले. दार उघडलं. आजोबांनी काठीचं टोक फटीवरून सावकाश फिरवलं, या कडेपासून त्या कडेपर्यंत. कुठे अडलं नाही.

"पुन्हा खाली जाऊ," ते म्हणाले. "मला भाजी आणायची आहे."