बिनमोटारीची लिफ्ट

भूतखेत, करणी, बाहेरचं काही... यातलं मी काही मानत नाही. केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये अटेंडंट म्हणून निम्मं आयुष्य काढलंय. तिथं एखादी गोष्ट पेटली किंवा उडाली तर तिला कारण असतं, आणि बहुतेक वेळा ते कारण एखादं बेशिस्त पोरगं असतं. पण गेल्या मार्चमध्ये जे झालं त्याचं कारण मला सापडलेलं नाही. आणि खरं सांगू? मला भीती वाटली नाही. संताप आला. अजून येतो.

मी बजाजनगरला राहतो, नोकरी शहराच्या दुसऱ्या टोकाला एका विद्यापीठात. नाव लिहीत नाही, पेन्शन व्हायचीय. आमची इमारत तीन मजली आणि लॅब सगळ्यात वर. लिफ्ट आहे... म्हणजे होती. बिघडली तशी तिची मोटार काढून जिन्याखाली ताडपत्रीत गुंडाळून ठेवली, डबा तळमजल्यावर तसाच सोडला आणि दारावर 'लिफ्ट बंद आहे'ची पाटी लावली. झालं काम!

सोनाली देवगाव रंगारीची. एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला, व्हीलचेअरवर. हुशार, पण तोंडानं फटकळ. रोज सकाळी मी आणि तीन पोरं तिची खुर्ची उचलून वर न्यायचो. एकानं त्याचा व्हिडिओ काढून स्टेटसला टाकला – 'माणुसकी अजून जिवंत आहे'. तो बघून सोनाली मला म्हणाली, "काका, मी काय गणपती हाय का? उचला, मिरवा, फोटो काढा!"

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. त्या दिवसापासून लिफ्टसाठी ऑफिसच्या इतक्या चकरा मारल्या की मला बघून साहेब लोक दार लावून घ्यायचे. शेवटी दुरुस्ती मंजूर झाली. इंजिनिअर साहेबांनी एकदा पाहणी करायची, सही करायची, की काम सुरू.

पाहणीच्या आदल्या दिवशी सोनालीचं प्रॅक्टिकल होतं. पोरं जागेवर नव्हती, म्हणून तिला जिन्यापाशी थांबवून मी कँटीनमधून तिघांना धरून आणलं. बघतो तर खुर्ची गायब. धापा टाकत वर गेलो. बाईसाहेब लॅबच्या दारात, अंगात एप्रन... आणि मागं लिफ्टचं दार उघडं. आत दिवा लागलेला, पंखा फिरतोय.

"लिफ्ट चालू झाली व्हय काका? सांगायचं तरी! मी रागानं बटण दाबलं, तर दारच उघडलं की."

मी डब्याकडं बघत असतानाच दिवा गेला, पंखा थांबला. तसाच खाली पळालो आणि जिन्याखालची ताडपत्री सोडली. मोटार तिथंच होती.

दुसऱ्या दिवशी इंजिनिअर साहेब आले. डबा वर बघून खूश. "चालतेय की तुमची लिफ्ट!" मी त्यांना सोनालीचं कालचं सगळं सांगितलं आणि गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत नेलं. मोटारीच्या जागी नुसते बोल्ट आणि कबुतरांची घाण. साहेबांनी घाम पुसला.

"मग लिहू काय मी? बिनमोटारीची लिफ्ट वर गेली म्हणून? वेड्यात काढतील मला." मग आवाज खाली आणून म्हणाले, "मुलीला विचारतो. 'लिफ्टनं आले नाही' म्हणाली, तर डबा कुणीतरी ओढून वर ठेवला असं धरू आणि दुरुस्ती लावू. 'आले' म्हणाली, तर लिफ्ट चालू आहे. विषय संपला."

मी सोनालीला गाठलं. अक्षरशः हात जोडले. "पोरी, एवढंच सांग, पोरांनी उचलून आणलं."

"नाय सांगणार."

"अगं, लिफ्ट झाली तर रोज एकटी जाशील वर!"

"माहितंय मला." तिचे डोळे भरले होते. "पण जन्मात पैल्यांदा कुणाचा हात न लागता वर आले, काका. ते झालंच नाय, असं मीच म्हणू?"

साहेबांनी विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "लिफ्टनं आले." साहेबांनी तिथल्या तिथं शेरा मारला – लिफ्ट सुस्थितीत. पुढं ती मोटारही भंगारात गेली. मला सोनालीचा इतका राग आला की दोन दिवस धड बोललो नाही. आणि तिचं चुकलं असं तोंडावर म्हणायची हिंमतही झाली नाही.

वायरमनला विचारलं, मेकॅनिकला विचारलं, फिजिक्सच्या सरांनाही विचारलं. एक शिपाई म्हणाला, जुन्या लिफ्टमनचा आत्मा असेल. कसला आत्मा? आमच्याकडं लिफ्टमन कधी नेमलाच नाही! जे कुणी असेल त्याच्याशी माझं भांडण आहे. उपकार करायचा होता तर रोज करायचा. नाहीतर एक दिवस गप बसायचं होतं, आमचं काम होत आलं होतं.

साहेब गेले त्या संध्याकाळी लॅब सुटल्यावर सोनाली खुर्ची ढकलत त्या अंधाऱ्या डब्यात जाऊन बसली. मी ओरडलो, "बाहेर ये, डबा कशावर लटकलाय देवाला माहीत!" तिनं ऐकलं नाही. तळमजल्याचं बटण दाबलं. परत दाबलं. आम्ही चौघं दाराशी उभे. खालून शिपायानं कुलूप लावायचंय म्हणून हाका मारल्या, तरी ती बटणावरचं बोट काढेना.

मग स्वतःच खुर्ची मागं घेतली आणि आमच्याकडं न बघता म्हणाली, "उचला, काका."