बरणीतला मुरा
लोणच्याची बरणी घासायला घेतली की मला अजून ओल्या वाळूचा वास येतो आणि डोकं फिरतं. तेव्हा शिमग्याला आमचे हे मुंबईहून आले होते. तिथे साहेबाच्या बंगल्यात काचेच्या टाकीतले मासे बघितलेले, म्हणून आल्या आल्या सावित्री नदीत उतरले आणि बोटभर, मिशाळ मुरा मासा पकडून आणला. घरातल्या एकुलत्या काचेच्या बरणीत वाळू नि पाणी घालून त्यात सोडला. तो वाळूत घुसला तो घुसलाच. अख्खी वाडी येऊन नुसती वाळू बघून गेली. मी म्हणाले, "अवो, वर्षातनं चार दिवस घरी येता, ते बी या बरणीपुढं? लोणचं कशात घालू?" "गप गो! आवाजाला भितो तो." मग मी भांडी घासली, ती पण आवाज न करता. रजा संपली, हे दासगावला आगबोट धरायला निघून गेले. मी तणतणत बरणी ओतायला उचलली, तर मेला वर येऊन काचेला मिशा लावून बसलेला! "अवो, आला बगा!" मी दारातनं ओरडले. वाटेवर कोणी नव्हतं. आता हे नाहीत, बरणी आहे. घासताना मी अजून आवाज होऊ देत नाही.